वाढत्या अंगाचे बूट

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी एक सध्या पट्टीत गुंडाळलेलं आहे. तेव्हा सात अंगांचा नमस्कार आत्ता घे, आठव्याचा पट्टी सुटली की करीन.) तुझी तब्येत कशी आहे? वहिनीची कंबर काय म्हणते? ते करडं मांजर अजून तुझ्या खुर्चीवर हक्क सांगतं का, की तू उठतच नाहीस हे बघून त्याने दुसरं घर धरलं? आमच्याकडे सगळं क्षेम आहे. ही बरी आहे आणि मी बरा नाही हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगण्यात तिचा वेळही छान जातो.

तारवाल्याकडून तुझा निरोप पोचला. (आपल्या या मावसभावाला तू लहानपणी तारवाला नाव ठेवलंस, ते त्याने पन्नाशी उलटली तरी इमानाने सांभाळलं आहे. बातमी घडायच्या आधी याच्याकडे तयार असते.) तो दारातूनच म्हणाला, "दादा म्हणतोय, पडलास ना, आता गाडी परत पाठव." मी म्हटलं, अरे पण मी पडलोच नाही. तो म्हणाला, "मी डोळ्यांनी बघितलं." आता त्याच्या डोळ्यांचा चष्मा मीच केलेला आहे, त्यामुळे त्याला दिसत नाही असंही मला म्हणता येईना. म्हणून हे पत्र. सगळं नीट वाच, आणि मग गाडी परत मागायची की नाही ते ठरव.

तुझी अट मला पहिल्या दिवसापासून मान्य आहे. तू मोटारसायकल माझ्या दारात पाठवलीस तेव्हा किल्लीसोबत एवढंच सांगितलं होतंस, की पायात धड बूट आल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही, आणि एकदा जरी पडलास तरी गाडी परत. ज्याने कोपऱ्यावर तर जायचंय म्हणून चपलेत गाडी काढली आणि उजव्या पायाची दोन बोटं गमावली, त्याने बुटांविषयी बोलावं आणि बाकीच्यांनी खाली मान घालून ऐकावं. (हा विषय तुला नको असतो, हे ठाऊक आहे. इथेच थांबतो.)

तर बूट घ्यायला निघालो. आधी हिच्याशी सल्लामसलत केली. ही गेली कित्येक वर्षं स्कूटर चालवते, ती पातळ पट्ट्यांच्या सँडलमध्ये. सिग्नलला दोन्ही पाय वल्ह्यांसारखे बाहेर काढून रस्त्यावर घासत थांबते. त्यामुळे तिच्या सँडलचे तळ इतके झिजलेत की खाली नाणं पडलं तर छापा की काटा ते तिला पायानेच कळावं. मी तिला घोटा, टाच, सायलेन्सरचा चटका यांवर चांगलं व्याख्यान दिलं. ती भाजी निवडत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "स्कूटरचं माझं मी बघीन. तुम्ही आधी स्वतःचा पाय मोजून घ्या." मला तेव्हा हे बोलणं अगदीच किरकोळ वाटलं. बायकोचं किरकोळ वाटलेलं बोलणं पुढे फार महागात पडतं, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही माझ्या ध्यानात राहत नाही.

आधी म्हटलं, घरात आहेत ते कॅनव्हासचे बूट घालून अंगणातल्या अंगणात सराव करावा. नाडी सुटली, गिअरच्या दांडीला तीन वेढे बसले आणि मी गाडीला दावं लावलेल्या वासरासारखा उभा राहिलो. ही कात्री घेऊन आली आणि नाडी कापून गेली. तेव्हा नाडी नको, निदान नाडीवर झाकण हवं, एवढी अक्कल आली.

मग मोठ्या दुकानात गेलो. ते दुकान तू बघायला हवंस. थंडगार, मंद उजेडाचं, भिंतीभर बूट, आणि एकाही बुटात माणूस नाही. तिथे उभं राहिलं की वाटतं, एवढी सगळी माणसं बूट काढून कुठे बरं गेली असतील, एखाद्या मोठ्या तळ्यात पोहायला गेली असतील का, आणि परत येतील तेव्हा आपापले बूट त्यांना ओळखू येतील का. मी असा विचार करत असताना एक टाय लावलेला विक्रेता समोर आला आणि त्याने विचारलं, "नंबर?" मी म्हटलं, "नऊ."

दादा, हा नऊ माझा नव्हता. हा तुझा नंबर. पण माझ्या तोंडून तो असा सहज आला, जसं स्वतःचं नाव. आपल्या घरची रीत तुला आठवते ना. बाबा तुझ्यासाठी बूट घेणार ते एक नंबर मोठे, वाढत्या अंगाचे. पुढे कागदाचे बोळे. तुझा पाय वाढून बूट बरोबर बसायला लागले, की त्यांचे तळ गेलेले असायचे. मग ते तळ बदलून माझ्याकडे यायचे, पुन्हा बोळ्यांसकट. म्हणजे तू जन्मभर उद्याचे बूट घातलेस आणि मी कालचे. आजचे बूट आपल्या घरात कोणी घातल्याचं मला स्मरत नाही. मी दिवसभर चष्म्याच्या दुकानात बसतो, अर्ध्या गावाच्या डोळ्यांचे नंबर मला तोंडपाठ आहेत, पण माझ्या पायाचा नंबर किती हे मला कधी कोणी विचारलंच नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

आणि खरं सांगू, मला ते कधी खुपलंही नाही. माझ्या प्रत्येक बुटात पुढच्या टोकाला एक रिकामी खोली असायची. शाळेत बाई पाढे शिकवत असताना मी त्या खोलीत जाऊन बसायचो. तिथे तुझ्या बोटांचे पाच खड्डे असायचे, गुळगुळीत आणि थोडे गार. मी माझी बोटं लांब करून त्यांपर्यंत पोचायचा प्रयत्न करायचो. पोचलो नाही, पण त्यामुळे माझ्या चालण्यात एक तरंगणं आलं, आणि लोक म्हणायला लागले की धाकटा जरा स्वप्नाळूच आहे. स्वप्नाळू कसला, माझे बूट मोठे होते.

असो. टायवाल्याने नऊ नंबरचे बूट आणले. पोटरीपर्यंत उंच, जाड तळाचे, पुढे लोखंडी टोपी घातलेले. विटांचा ढीग कोसळला तरी बोटांना खबर लागायची नाही, असं तो म्हणाला. (हे बूट बांधकामावर उभं राहण्यासाठी असतात, गाडीवर बसण्यासाठी नव्हेत, हे मला नंतर कळलं. त्याला अजून कळलेलं नाही.) घरी आल्यावर मी त्यांत चालून दाखवलं. खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका वर बघायला आले की कोणी कपाट सरकवतंय का.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढली. धुकं होतं. कालव्याकाठचा रस्ता रिकामा होता, आणि लाँड्रीच्या गच्चीवर पांढऱ्या चादरी अशा लटकत होत्या की कुठे गच्ची संपते आणि कुठून आकाश सुरू होतं ते कळत नव्हतं. पहिला गिअर दाबून पडला. दुसऱ्यासाठी पावलाचा पुढचा भाग दांडीखाली घालून वर उचलायचा असतो, हे तुला काय सांगावं. मी घातला, उचलला, दुसरा पडलाही. पण ती लोखंडी टोपी दांडीखाली जी घट्ट बसली, ती बाहेर निघेना. वरही जाईना, खालीही येईना. म्हणजे आता जन्मभर दुसऱ्या गिअरमध्येच राहायचं असा प्रसंग आला.

माणसाने घाबरायला हवं होतं. पण दादा, दुसरा गिअर फार सुंदर असतो. इतक्या वर्षांत तो आपण नीट बघतच नाही, नुसते त्यातून तिसऱ्यात पळतो. गाडी पोटातल्या पोटात गुणगुणत होती. एका सायकलवाल्याने मला मागे टाकलं. पाठोपाठ बाबागाडी ढकलणाऱ्या एका आजोबांनीही टाकलं, आणि टाकताना हात हलवला. मीही हलवला. चादरी मागे गेल्या, शाळेची लांब भिंत आली, ती संपेचना. धुक्यातून पलीकडच्या टेकडीवरची पाण्याची टाकी हळूहळू वर आली, आधी नुसती टोपी, मग पाय. तू टाक्या तपासायला याच गाडीवरून फिरायचास. ही टाकी तुझ्या यादीत होती. घरी येऊन सांगायचास की टाकीच्या शिडीवर चढून झाकण उघडलं की आत एक वेगळं आकाश असतं, न हललेलं. मला ते आठवलं आणि गाडी थांबवावीशी वाटली.

थांबवायचं म्हणजे डावा पाय खाली टेकायला हवा. डावा बूट तर दांडीत. क्लच दाबला, ब्रेक लावला, गाडी डावीकडे कलायला लागली. इथे मी पडलो असतो. पण बूट नऊ नंबरचा आणि पाय माझा. पाय बुटातून अलगद, पेटीतून चष्मा काढावा तसा बाहेर आला आणि मोज्यासकट रस्त्यावर टेकला. गाडी थांबली. तुझ्या नंबरने मला वाचवलं, हे तारवाल्याने तुला सांगितलं नसणार. बूट माझ्या मापाचा असता तर आज खरोखरच तुझ्या अटीप्रमाणे गाडी परत पाठवत बसलो असतो.

पुढे जे झालं ते एवढंच, की मी गाडी स्टँडवर लावली, बूट तसाच दांडीत अडकलेला राहू दिला, दुसराही काढून गाडीच्या चाकाशी ठेवला, आणि कठड्यापलीकडे उतरून कालव्याच्या पायरीवर मोज्यांत बसलो. टाकी बघत. किती वेळ ते माहीत नाही. त्याच वेळी तारवाला दूध घेऊन त्या रस्त्याने आला. त्याला दिसली तुझी गाडी, गाडीला लटकलेला एक बूट, खाली दुसरा बूट, आणि माणूस कुठेच नाही. त्याने कालव्यात डोकावून बघण्याचेही कष्ट घेतले नाहीत. दूध हिंदकळत तो सरळ आमच्या घरी गेला आणि हिला म्हणाला, "वहिनी, मन घट्ट करा, फक्त बूट सापडलेत." ही म्हणाली, "बूट सापडले म्हणजे हे जवळच कुठे तरी बसले असतील." आणि स्कूटर काढून मला न्यायला आली, त्याच सँडलमध्ये.

आता पट्टीचं. ही मी गाडीवरून पडल्याची नाही. बूट बदलून घ्यायला मी पुन्हा त्या दुकानात गेलो. टायवाला म्हणाला, मग तुमचा खरा नंबर कोणता? मी म्हटलं, तेच तर बघायचंय. त्यांच्याकडे पाय मोजायची धातूची पट्टी होती, पण ती दार उघडं राहावं म्हणून दाराखाली घातलेली. ती काढायला तो वाकला, दार मिटलं, दाराचा धक्का मांडणीला बसला, आणि मांडणीवर ठेवलेला माझाच नऊ नंबरचा बूट, लोखंडी टोपी खाली करून, माझ्या उघड्या अंगठ्यावर आला. पायाचं रक्षण करण्यात त्या बुटाने शेवटपर्यंत कसूर केली नाही, फक्त पाय बाहेर होता. डॉक्टरांनी विचारलं, बूट चावला का? मी म्हटलं, नाही, पडला. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. (चष्मा आमच्याच दुकानातला. डावी काडी जरा सैल झालीय, बोलावून घ्यायला हवं.)

पट्टी बांधून माझ्या दुकानात बसलो होतो. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नाही, काचा घासायचं यंत्र नुकतंच बंद केलेलं. त्याचा आवाज थांबला की थोडा वेळ कानात पाणी वाहिल्यासारखं होतं, आणि मला तेव्हा हमखास डुलकी लागते. डुलकीत मला आपले सगळे जुने बूट दिसले. लहान, मोठे, टाचा गेलेले, एकामागून एक कालव्याच्या रस्त्याने चाललेले, आत कोणी नाही, आणि प्रत्येकाच्या टोकातून कागदाचा बोळा डोकावत होता. सगळ्यात पुढे तुझे तपकिरी, टाक्यांवर जाताना घालायचास ते. उजवा जरा मागे पडत होता, आणि डावा थांबून त्याची वाट बघत होता.

जाग आली तेव्हा समोर मास्तर उभे. हे मास्तर म्हणजे पलीकडच्या गल्लीत गाडीवाल्यांसाठी बूट शिवून देतात ते. चष्म्याची दांडी मोडली म्हणून आले होते. माझी पट्टी बघून त्यांनी कारण विचारलं आणि मी सांगितलं. त्यांना इतकं हसू आलं की दांडीबरोबर काचही निसटली. मग म्हणाले, चला, माप घेतो.

त्यांनी जमिनीवर तपकिरी कागद अंथरला, मला त्यावर अनवाणी उभं केलं आणि पेन्सिल पायाभोवती फिरवायला सुरुवात केली. दादा, पन्नाशीला आलेल्या माणसाला हे सांगायला लाज वाटते, पण मला रडू येईल की काय असं झालं. गुदगुल्याही होत होत्या, त्यामुळे वेळ निभावली. पेन्सिल टाचेकडून निघून करंगळीच्या वळणावर हळू झाली, बोटांच्या चढउतारांवरून गेली आणि परत टाचेला मिळाली. मी पाय उचलला तर खाली माझा पाय. बोळा नाही, खोली नाही, कोणाचे खड्डे नाहीत. उजवा आठ भरला. (डावा पट्टीसकट नऊ भरला. मास्तरांनी तोच धरायचा घाट घातला होता, मी थोपवलं.) मास्तरांना पायावरून स्वभाव ओळखता येतो असा त्यांचा दावा आहे. माझा पाय बघून ते म्हणाले, माणूस खंबीर, झटपट निर्णय घेणारा, धंद्यात पुढे जाईल. हे मी घरी सांगितलं तेव्हा ही भाजी निवडायची थांबली आणि तिने मास्तरांना एकदा डोळे तपासायला बोलवा असं सुचवलं.

तरी बूट त्यांनी फार छान शिवलेत. घोटा झाकेल एवढेच उंच, आत दोन्ही बाजूंना मऊ गादी. नाडीवर चामड्याचं झाकण, बाजूला चेन. तळ खडबडीत, पण इतकाच जाड की गिअर पायाला कळावा, आणि डाव्या पावलावर, दांडी घासते तिथे, जास्तीचा एक तुकडा शिवलेला. गाडीवरून उतरून चालता येतं, जिने चढता येतात, खालचे काका वर येत नाहीत. पट्टी सुटली की घालायचे आहेत. उजवा मी रोज संध्याकाळी थोडा वेळ घालून बसतो. अजून चुकल्यासारखं होतं. पुढे जागाच नाही ना कुठे जायला.

तेव्हा दादा, मी पडलो नाही, बूट आलेले आहेत, तुझ्या अटी पाळल्या गेल्या आहेत. गाडी परत मागू नकोस. वहिनींना नमस्कार, मांजराला आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. गाडी अगदी व्यवस्थित आहे. दांडी किंचित वाकली होती, ती सरळ करून घेतली. तारवाल्याला यातलं काही सांगू नकोस, त्याला आधीच माहीत असेल.

ता. क. पुन्हा. वर गाडी परत मागू नकोस असं लिहिलं ते खोटं आहे. गाडी मला नकोच आहे. मला दुसरा गिअर पुरतो, आणि तो हिच्या स्कूटरवर मागे बसूनही मिळतो. गाडी परत हवी असेल तर स्वतः ये आणि चालवत ने. लगेच चालव असंही नाही. आधी मागे बस. मी तुला कालव्याच्या रस्त्याने टाकीपर्यंत हळू नेईन.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं यासाठीच लिहिलं. वहिनी हिच्याजवळ बोलली की तू आता घरातल्या घरातही मोजा काढत नाहीस, कोणाला पाय दाखवत नाहीस, आणि बाहेर जायचं म्हटलं की तपकिरी बुटाच्या टोकात कागद कोंबतोस, चार पावलं चालतोस आणि बूट बरे आहेत म्हणून परत खुर्चीत बसतोस. दादा, बोळ्यांचं दुःख मला नको सांगूस, त्यात माझा हात कोणी धरणार नाही. मास्तरांना मी विचारलं आहे. ते म्हणाले, दोन बोटं नसली तरी काही अडत नाही, तिथे आतून दाबलेल्या लोकरीचा मऊ नमदा शिवून भरतो, पुढचा भाग दबणार नाही आणि पाऊल घसरणार नाही. त्यांना फक्त पाय हवा कागदावर.

म्हणून पत्राबरोबर तपकिरी कागद घडी घालून पाठवला आहे, आणि पेन्सिलही. दार लावून घे. कागदावर उभा राहा आणि पेन्सिल फिरव, दोन्ही पायांभोवती, उजव्याच्याही. वाकायला जमत नसेल तर वहिनीला हाक मार, ती दाराबाहेरच असेल. तो कागद मी बघणार नाही असं लिहिणार होतो, पण तू मला ओळखतोस. मी बघणार. आजवर मी तुझे बूट घातले, आता एकदा तुझ्यासाठी मला नवे शिवून घेऊ दे.

ता. क. शेवटचा. पाय आहे तेवढाच काढ. वाढत्या अंगाचा काढू नकोस.